जुन्या इंजिनाचा ऑईल पंप : आधी माप, मग पैसा



आखाला वंगण घातल्याशिवाय बैलगाडी रस्त्यावर काढू नये, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. चाक कुरकुरले की गाडीवान खाली उतरतो. इंजिनाचे तसे नाही. ते आतल्या आत कोरडे पडते, आणि आवाज बाहेर येतो तोवर क्रँक खराब झालेला असतो. इंजिनाच्या आत फिरणाऱ्या प्रत्येक जागी तेल पोचवण्याचे काम मुठीएवढा एक पंप करतो. त्यालाच आपण ऑईल पंप म्हणतो. या पाठात आम्ही तो पंप कसा तपासावा, कसा खोलावा आणि पुन्हा कसा बांधावा हे सांगणार आहोत.

विषय हंगामाच्या तोंडावर घेतला त्याला कारण आहे. तोडलेला ऊस थांबत नाही. तोडणीनंतर शक्यतो २४ तासांच्या आत त्याचे गाळप व्हावे. उशीर झाला की वजनही घटते आणि साखरही उतरते. अशा वेळी ट्रॅक्टरचे इंजिन जाम झाले तर एक खेप जाते आणि ऊस फडात वाळतो. टोळी बसून राहते, मुकादम रोज विचारतो, आणि क्रँक ग्राइंडिंग, बेअरिंग, मजुरी यांचा खर्च उसाच्या बिलातून जातो. पंप वेळेवर पाहिला तर यातले बरेचसे टळते.

पाठासाठी आम्ही जुनी पेट्रोल जीप निवडली आहे. मुंबईत महिंद्रांनी चाळीसच्या दशकाच्या अखेरीस विलीज जीप जोडायला सुरुवात केली. पुढे सीजे-३बी या उंच बॉनेटच्या जीपमध्ये ‘हरिकेन’ नावाचे चार सिलिंडरचे, १३४ घन इंचाचे म्हणजे सुमारे २.२ लिटरचे इंजिन आले. अशा जीप आपल्या भागात अजूनही कुठे कुठे हौसेने सांभाळलेल्या दिसतात. शिकायला हे इंजिन सोयीचे, कारण त्याचा ऑईल पंप डाव्या अंगाला बाहेरून बसवलेला असतो. चेंबर न उतरवता तो हातात येतो. मलकापूर-नांदुरा रस्त्यावरच्या वडनेर भोलजी येथील एका सभासदाच्या अशाच जीपचा पंप आम्ही खोलला. त्याची मापे पुढे जागोजागी दिली आहेत. ट्रॅक्टरवाल्यांनी नाराज होऊ नये. त्यांच्यासाठी शेवटी वेगळे लिहिले आहे, आणि मोजण्याची रीत दोघांनाही एकच.

दाब कोठून येतो?

पुष्कळांची समजूत अशी की पंप दाब तयार करतो. खरे पाहता पंप फक्त तेल ढकलतो. पुढे वाट अरुंद असते म्हणून दाब येतो. विहिरीवरची मोटार आठवा. पाइपाचे तोंड मोकळे ठेवले तर पाणी पायाशीच पडते, तोंडावर बोट धरले की चिळकांडी लांब जाते. मोटार तीच, पाणी तेवढेच.

आता पाटाचे बघू. पाटाला घुशीने बिळे पाडली की शेवटच्या सरीला पाणी पोचत नाही. मोटार बदलून उपयोग काय? आधी बिळे बुजवावी लागतात. इंजिनात ही बिळे म्हणजे क्रँक आणि बेअरिंग यांच्यामधली फट. नवीन असताना ती केसाएवढी बारीक असते. झिजून ती दुप्पट झाली तर गळती दुप्पट होत नाही, साधारण आठपट होते. पातळ फटीतून तेल वाहण्याचा नियमच तसा आहे. म्हणून इंजिन वर्षानुवर्षे बरे चालते आणि मग एका हंगामात काटा झपाट्याने खाली येतो.

हीच गोष्ट पंपाच्या आतही घडते. पंपाचे गिअर किंवा रोटर आणि त्याचे झाकण यांच्यात फट वाढली की पुढे ढकललेले तेल आतल्या आत मागे पळते. इंजिन मंद चालत असताना पंप थोडेच तेल देतो, त्यातले अर्धे मागे गेले तर बेअरिंगला काय उरणार?

तेव्हा काटा खाली आला याची कारणे तीन : पंपाला तेल नीट मिळत नाही, पंप तेल नीट देत नाही, किंवा दिलेले तेल बेअरिंगमधून वाहून जाते. कोणते कारण ते ठरवल्याशिवाय खिशात हात घालू नये.

पाना हातात घेण्यापूर्वी

प्रथम तेलाची काडी पाहावी. पातळी कमी असेल तर तेल भरावे. पातळी आपोआप वाढलेली दिसली तर जास्त सावध व्हावे. तेलात पेट्रोल, डिझेल किंवा पाणी उतरत असण्याचा संभव असतो. तेल बोटांत चोळून, वास घेऊन पाहावे. पातळ झालेले तेल चांगल्या पंपालाही बदनाम करते.

दुसरे, तेल कोणते भरले आहे? आजच्या नव्या मोटारींसाठी ५डब्ल्यू-३० सारखी पातळ तेले मिळतात. ती बारीक फटींच्या इंजिनांसाठी आहेत. जुन्या, झिजलेल्या इंजिनाला आपल्या उन्हात २०डब्ल्यू-४० सारखे तेल मानवते.

तिसरे, इंजिन गरम तर होत नाही ना? पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांत मिळून खारपाणपट्टा आहे. त्या पट्ट्यातल्या विहिरीचे पाणी रेडिएटरमध्ये वापरले की आत थर बसतो, इंजिन तापते, तेल पातळ होते आणि काटा पडतो. दोष रेडिएटरचा, आणि खोलला जातो पंप. गोडे, शक्यतो पावसाचे गाळलेले पाणी वापरावे.

चौथे, काट्यावर आंधळा विश्वास ठेवू नये. जुने मीटर खोटे बोलते. मिस्त्रीकडून दुसरे चांगले मीटर घेऊन त्याच जागी जोडून पाहावे. ज्या गाडीला काटा नसून लाल दिवाच आहे, त्यांनी तर काटा बसवून घ्यावाच. दिवा लागतो तो दाब तळाला गेल्यावर.

या जीपसाठी सुरक्षित दाबाचे किमान माप असे : मंद गतीत ६ पौंड आणि ताशी ३५ मैलांच्या वेगाला २० पौंड. इंजिन नीट असेल तर चालत्या गाडीत काटा ३५ पौंडांच्या आसपास राहतो. माप नेहमी इंजिन पूर्ण तापल्यावर घ्यावे. थंड इंजिनात तेल घट्ट असते आणि काटा सगळ्यांचाच वर जातो. आमच्या जीपला थंडपणी ४० पौंड दिसत होते. दहा-बारा किलोमीटर फिरून आल्यावर मंद गतीत ४ आणि वेगात १८ राहिले.

काटा थरथरत असेल, वळणावर किंवा चढावर एकदम पडत असेल, तर पंप तेलाबरोबर हवा ओढतो आहे असे समजावे. जाळीकडून येणाऱ्या नळीचा सांधा, तिचे पॅकिंग आणि जाळीतला गाळ आधी पाहावा. या जीपची जाळी चेंबरमध्ये तेलावर तरंगणारी असते. ती अडकली तरी असेच होते.

पंप खोलणे

या इंजिनात एक गोम आहे. पंपाला कॅमशाफ्टवरचा गिअर फिरवतो आणि पंपाच्या शाफ्टच्या खाचेत डिस्ट्रिब्युटरची जीभ बसते. म्हणजे पंपच डिस्ट्रिब्युटरला फिरवतो. खाच मध्यावर नसून थोडी एका बाजूला असते, त्यामुळे जीभ एकाच रीतीने बसते. पंप परत बसवताना एक दात जरी इकडेतिकडे झाला तर इंजिनाचे टायमिंग बिघडते. मग गाडी चालू होत नाही, आणि मिस्त्री कार्ब्युरेटर खोलत बसतो.

म्हणून पहिल्या सिलिंडरचा पिस्टन कॉम्प्रेशनवर टॉपला आणावा. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढून रोटर पहिल्या वायरीच्या टोकासमोर आला आहे याची खात्री करावी आणि त्याच्या दिशेची खूण करावी. यानंतर पंप परत बसेपर्यंत हँडलला कोणी हात लावू नये. मुलांना तर दूरच ठेवावे.

बाहेरचा भाग रॉकेल किंवा डिझेलने आधी धुऊन घ्यावा. आपली काळी माती पंप काढताना आत पडली तर केलेले काम वाया गेले. मग बोल्ट काढून पंप सरळ बाहेर ओढावा. जुने पॅकिंग फेकू नये. नव्याची जाडी त्याच्याशी ताडून पाहायची असते.

झाकण काढण्याआधी रोटर कोणत्या बाजूने बसले आहेत ते पाहावे. खूण करायची तर शाईने करावी, पंचाने ठोकू नये. जे भाग एकमेकांवर घासून जुळलेले असतात ते पुन्हा तसेच बसले पाहिजेत.

मोजणे

आपण सुताराच्या आणि गवंड्याच्या कामात सूत मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. पंपात सूत चालत नाही. इथे इंचाचा हजारावा भाग मोजायचा असतो, त्याला मिस्त्री ‘थाऊ’ म्हणतात. एका सुतात १२५ थाऊ. चार थाऊ म्हणजे ०.१० मिलिमीटर, जाड कागदाएवढी फट. ती मोजायला फीलर गेज आणि एक खरी सरळ पट्टी एवढीच हत्यारे लागतात. सरळ पट्टी शाळेतली नको, लेथवाल्याकडची आणावी.

भाग धुऊन, सुकवून पुढील चार मापे घ्यावीत.

१. झाकणाची आतली बाजू. पट्टी आडवी ठेवून खाली गेज घालून पाहावे. १ थाऊची पात आत गेली तरी झाकणाला खड्डा पडला आहे असे समजावे. आमच्या झाकणावर रोटरच्या वर्तुळाचा चरा स्पष्ट दिसत होता, खोली ३ थाऊ.

२. रोटरच्या माथ्यावरची फट. पंपाच्या तोंडावर पट्टी ठेवून पट्टी आणि रोटर यांच्यात गेज घालावे. ४ थाऊची पात गेली तर फट जास्त. आमची ७ आली.

३. आतला आणि बाहेरचा रोटर यांच्यातली फट. टोकासमोर टोक आणून मोजावी. १० थाऊ किंवा जास्त असेल तर दोन्ही रोटर जोडीनेच बदलावे. आमची ६ आली, म्हणजे ठीक.

४. बाहेरचा रोटर आणि पंपाची भिंत. १२ थाऊ किंवा त्याहून जास्त असेल तर पंपाची बॉडीच बाद. आमची ८ आली.

याशिवाय शाफ्ट हातात धरून बाजूला हलवून पाहावा, फिरवणाऱ्या गिअरचे दात बघावेत आणि गिअर ज्या पिनेने शाफ्टला बांधला आहे ती पिन पक्की आहे का ते पाहावे. पिन तुटली की पंप क्षणात थांबतो.

आमच्या चार मापांनी काय सांगितले? रोटर चांगले, भिंत चांगली, बिघाड सगळा झाकणाच्या बाजूला. पूर्ण पंप विकत आणायची गरज नव्हती. मापे घेतली नसती तर आणला गेला असता, आणि बाजारात मिळणारा प्रत्येक नवा पंप मापात असतो असेही नाही. नवा आणला तरी हीच चार मापे दुकानाच्या फळीवरच घ्यावीत.

दुरुस्ती

झाकणाचा चरा घरी काढता येतो. जाड काच सपाट टेबलावर ठेवावी. तिच्यावर बारीक एमरी पेपर पसरून थोडे तेल टाकावे. झाकण त्यावर ठेवून इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फिरवत घासावे. हाताचा भार सगळीकडे सारखा हवा. दहा-वीस फेऱ्या झाल्या की पुसून पट्टीने बघावे. चरा गेला की थांबावे.

माथ्याची फट कमी करायची तर पंपाच्या बॉडीचे तोंड त्याच रीतीने, रोटर बाहेर काढून घासावे लागते. इथे घाई करू नये. पाच फेऱ्या घासाव्यात, धुवावे, रोटर घालून मोजावे, पुन्हा पाच. फट पूर्ण बंद करू नये. तेलाच्या पापुद्र्याला जागा लागते. रोटर तोंडाच्या वर आले तर पंप जाम होईल. आम्ही फट २ थाऊवर आणून थांबलो. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी हे काम लेथवर सरफेस ग्राइंडिंग करून घ्यावे.

आता पॅकिंग. झाकणाखालचे पॅकिंग जेवढे जाड, तेवढी रोटरच्या माथ्यावरची फट वाढते. घासून कमावलेले दोन-चार थाऊ एका जाड कागदाने घालवल्याची उदाहरणे गॅरेजोगॅरेज सापडतील. पोथीचे पुठ्ठे, सिगारेटची पाकिटे, वहीचे वेष्टण यांची पॅकिंगे कापू नयेत. मूळ जाडीचेच वापरावे, आणि त्याला भरमसाट सोल्युशनही लावू नये. जास्तीचे सोल्युशन आत सुटते आणि तेलाच्या छिद्रात जाऊन बसते.

शेवटी एमरीचा कण न् कण धुऊन काढावा. दोनदा डिझेलने, एकदा स्वच्छ पेट्रोलने, तेही उघड्यावर आणि बिडी-काडीपासून लांब. पंपात राहिलेला एमरीचा कण बेअरिंगला विषासारखा असतो.

रिलीफ व्हॉल्व्हची गैरसमजूत

पंपावर स्प्रिंगने दाबून धरलेला एक लहान व्हॉल्व्ह असतो. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि जास्तीचे तेल परत सोडतो. त्याचा प्लंजर काढून पुसावा, चरे आहेत का पाहावे, स्प्रिंग तुटकी-वाकडी नाही हे बघावे.

काटा खाली आला की काही मिस्त्री ही स्प्रिंग ताणतात किंवा तिच्यामागे वॉशर घालतात. व्हॉल्व्हचे काम वरच्या टोकाला आहे. मंद गतीत तो बंदच असतो. बंद दाराला आणखी कडी लावून काय मिळणार? मंद गतीचा दाब त्याने वाढत नाही. उलट थंड इंजिनात दाब नको तेवढा चढून फिल्टर किंवा नळी फुटायची भीती. हा म्हणजे तापावर ओली पट्टी ठेवून दुखणे बरे झाले म्हणण्याचा प्रकार आहे. स्प्रिंग कमजोर ठरली तर मूळ मापाची नवी घालावी.

बसवणे आणि पहिला अर्धा मिनिट

पंप कोरडा बसवू नये. कोरडा पंप हवा फिरवत राहतो, तेल ओढत नाही. रोटर बसवतानाच स्वच्छ इंजिन तेल ओतावे आणि शाफ्ट हाताने फिरवून पंप भरून घ्यावा. ग्रीस भरू नये, त्याची गुठळी छिद्रात अडकते. आधी केलेल्या खुणेप्रमाणे गिअर जुळवून पंप आत सरकवावा. डिस्ट्रिब्युटरचा रोटर पहिल्या वायरीसमोरच आहे ना, ते पाहावे. नसेल तर पंप काढून एक दात फिरवून पुन्हा बसवावा. डिस्ट्रिब्युटर वळवून चूक झाकू नये.

फिल्टर नवा, तेल नवे. आता स्पार्क प्लग काढून ठेवावेत आणि हँडलने किंवा स्टार्टरने इंजिन नुसते फिरवावे. काटा हलला की समजावे, तेल पोचले. मगच प्लग लावून इंजिन चालू करावे. चालू झाल्यावर काही सेकंदांत काटा वर आला नाही तर लगेच बंद करावे. ‘थोडं चालू द्या, येईल’ असे म्हणणाऱ्याचे ऐकू नये. अशा अर्ध्या मिनिटात बेअरिंग जळतात.

आमच्या जीपला काम झाल्यावर, पूर्ण गरम असताना, मंद गतीत १० आणि वेगात ३० पौंड मिळाले. ३५ का नाही? कारण या इंजिनाचे बेअरिंगही काही प्रमाणात झिजले आहेत. ते पंपाने भरून निघणार नाही. मालकाला तसे सांगितले आणि गाडी चालवायला हरकत नाही, पण काट्यावर नजर ठेवावी, असा सल्ला दिला.

ट्रॅक्टरवाल्यांसाठी

१९६३ साली स्थापन झालेल्या इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनीचे बी-२७५ ट्रॅक्टर पुष्कळांना आठवत असतील. १९७७ साली ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. असे जुने ट्रॅक्टर अजून कोठे कोठे राबत आहेत. बहुतेक ट्रॅक्टरांचा ऑईल पंप चेंबरच्या आत असतो. काहींत दोन गिअरचा, काहींत रोटरचा. जीपची मापे त्याला लावू नयेत. त्या इंजिनाच्या पुस्तकातली मापे कंपनीच्या विक्रेत्याकडून लिहून आणावीत. मोजायच्या जागा मात्र त्याच : झाकणाचा चरा, माथ्याची फट, दातांची किंवा रोटरची आपसातली फट, भिंतीची फट आणि शाफ्टचे बुश.

चेंबर उतरलेच आहे तर बेअरिंग पाहिल्याशिवाय बंद करू नये. एक कॅप खोलून बेअरिंगचा शेल बघावा. राखाडी रंग जाऊन तांब्याचा रंग दिसू लागला असेल तर नुसता पंप बांधून भागणार नाही. चेंबरच्या तळाचा गाळ बोटावर घ्यावा. त्यात चकाकणारे कण असतील तर इंजिन आतून काय खाते आहे ते कळते. ओढ-नळीचे पॅकिंग किंवा रबरी रिंग नवी घालावी. ती काही रुपयांची, पण तिच्यातून हवा गेली तर सगळी मेहनत फुकट. चालू करताना स्टॉपची दांडी ओढून धरावी आणि काटा हलेपर्यंत स्टार्टरने थांबत थांबत फिरवावे.

एक वही

आपण उसाच्या पाण्याच्या पाळ्या लिहितो, खताचे पोते लिहितो. तशी गाडीचीही एक वही ठेवावी. दर १५ दिवसांनी, इंजिन पूर्ण गरम असताना, मंद गतीत किती आणि वेगात किती एवढे दोन आकडे तारखेसह लिहावेत. तेल बदलले ती तारीख लिहावी. काटा एका दिवसात पडला तर पंप, नळी किंवा जाळी यांवर संशय घ्यावा. दोन हंगामांत हळूहळू उतरला तर झीज आहे. मिस्त्रीसमोर ही वही ठेवली तर त्याचाही वेळ वाचतो आणि आपलाही पैसा.

तपासणी हंगाम सुरू होण्याआधी, पावसाळा सरताना करावी. तेव्हा मिस्त्री मोकळा असतो, लेथवर गर्दी नसते, आणि एखादा भाग बाहेरगावाहून मागवायला आठवडा लागला तरी शेतात ऊस तोडून पडलेला नसतो. मोळी गाडीत चढली की मग इंजिन खोलायची वेळ नसते. सभासदांनी आपापल्या वाहनांचे दोन आकडे या महिन्यातच लिहून ठेवावेत.